पोवळ्याची जागा

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

आपल्या परभणीत पोवळं भेटतं ते सराफाच्या दुकानात. मंगळाचा खडा म्हणून लोक ते अंगठीत मढवून घेतात. आमच्या घरात त्याला मरजान म्हणत. कुराणातल्या सूरा रहमानमध्ये मोत्याच्या जोडीने हा शब्द येतो, त्यामुळे तो लहानपणापासून कानावर होता. हिंदीत मूंगा, संस्कृतात प्रवाळ. शब्द चार, पण चारही ऐकले की डोळ्यांसमोर दागिनाच येतो. एकट्या संस्कृतला काही संशय आला असावा, कारण तिथे प्रवाळ म्हणजे कोवळा अंकुरही. निदान जिवंत असण्याची शंका त्या शब्दात आहे.

अंगठीतलं ते लाल पोवळं म्हणजे एका समुद्री प्राण्याचा सांगाडा. शतकानुशतकं ते भूमध्य समुद्रातून आपल्याकडे व्यापारात येत राहिलं. आज मी बोलणार आहे ते जिवंत पोवळ्याबद्दल, आणि तेही समुद्रातल्या नव्हे, तर घरातल्या काचेच्या टाकीतल्या. समुद्र परभणीपासून शेकडो किलोमीटर दूर, मग हा विषय इथे कशाला, असं तुम्ही म्हणाल. विषय माझ्या भाच्याने आणला.

तो शारजात नोकरी करतो. त्याच्या खोलीत साठ लिटरची एक टाकी आहे. आपण फिशटँक म्हणतो तशीच दिसते, पण आत मासे दोनच आणि बाकी सगळी पोवळी. हौशी लोक अशा टाकीला रीफ टँक म्हणतात. फोनवर चित्र दाखवत तो मला म्हणाला, ‘मामू, ये पत्थर नई, जान है इसमें.’ मी पाहिलं तर दगडावर बोटं उगवल्यासारखी दिसत होती आणि पाण्याबरोबर ती हलत होती.

ही बोटं म्हणजे एकेक जीव. मध्ये तोंड, भोवती स्पर्शकांची झालर. त्यातली कठीण पोवळी खाली चुन्याची बैठक बांधतात आणि अशा हजारो जिवांची मिळून एक वसाहत होते. खरी गंमत पुढे आहे. या जिवाच्या अंगात, त्याच्या पेशींमध्ये, सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतं. म्हणजे प्राणी असूनही पोवळ्याचं पोट बरंचसं उन्हावर चालतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापून तसंच आठवडे राहिलं, की ही भागीदारी मोडते. शेवाळ बाहेर पडतं आणि पोवळं पांढरं फटक होतं. लगेच मरत नाही, पण उपाशी राहतं. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या समुद्रात हेच झालं, आणि त्याआधी १९९८, २०१० व २०१६ सालीही झालं होतं.

आता टाकीकडे येऊ. पोवळं आणण्याआधी पाणी करावं लागतं. करावं लागतं हाच शब्द बरोबर आहे. लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम क्षार, म्हणजे साठ लिटरला दोन किलोहून थोडं जास्त मीठ, आणि हे मीठ स्वयंपाकाचं नव्हे. त्यात चुना, मॅग्नेशियम आणि इतर बारीकसारीक क्षार समुद्राच्या प्रमाणात असतात. मी त्याला विचारलं, पोवळ्याला चुना हवा, तर आपलं बोअरचं पाणी काय वाईट? आपल्या बादलीवर आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतोच की. तो म्हणाला, चुन्याबरोबर त्या पाण्यात काय काय येतं याचा हिशेब लागत नाही. शेतातून झिरपलेलं नत्र येतं, स्फुरद येतं आणि टाकीभर हिरवं शेवाळ माजतं. जुन्या नळातून तांबं उतरलं, तर ते या जिवांना विषच. म्हणून आधी आरओचं पाणी घ्यायचं, तेही पुन्हा गाळायचं, आणि मग त्यात हवं तेवढंच घालायचं.

त्यानंतर महिना-दीड महिना टाकी जवळजवळ रिकामी ठेवतात. आत नुसते सच्छिद्र दगड, वाळू आणि फिरतं पाणी. या काळात दगडांत जिवाणू वस्तीला येतात. घाणीतून निघणाऱ्या अमोनियाचं ते नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू बसले नाहीत तोवर आत सोडलेला प्रत्येक जीव स्वतःच्याच मळात गुदमरतो. बहुतेक हौशी लोक इथेच हरतात, असं भाचा सांगतो. दुकानात रंग पाहून मन धरवत नाही.

मग एक दिवस थर्माकोलच्या खोक्यातून, पिशवीत घातलेलं पोवळं येतं. ते सरळ टाकीत टाकायचं नाही. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान एक होतं. नंतर पोवळं एका भांड्यात घ्यायचं आणि टाकीतून एका बारीक नळीने त्या भांड्यात थेंब थेंब पाणी सोडायचं. नळीला एक गाठ मारली की धार थेंबांवर येते. सेकंदाला दोन-तीन थेंब. पाऊण-एक तासात भांड्यातलं पाणी दुप्पट-तिप्पट होतं आणि नव्या पाण्याचा खारेपणा पाहुण्याच्या अंगी लागतो. हे ऐकून मी हसलो. मराठवाड्याच्या माणसाला ठिबक कुणी समजावून सांगावं! नंतर पोवळं आयोडीनच्या औषधी पाण्यात बुडवून धुतात, कारण त्याच्या बुडाशी चपटे किडे लपून येतात. पिशवीतलं जुनं पाणी मात्र फेकून द्यायचं, टाकीत ओतायचं नाही.

एवढं झाल्यावरच जागेचा प्रश्न येतो. नवं पोवळं पहिला आठवडाभर खाली, वाळूजवळ, कमी उजेडात ठेवतात. ते पुढे दिव्याखाली वर जाणार असलं तरीही. टिश्यू कल्चरची केळीची रोपं शेतकरी आधी शेडनेटखाली ठेवतो आणि मग उन्हात काढतो, तसंच. दिव्याचा जोर किंवा तास हळूहळू वाढवतात आणि दोन ते चार आठवड्यांत पोवळं एकेक पायरी वर चढवतात. उजेड कमी पडला तर ते तपकिरी होतं, कारण आतलं शेवाळ वाढवून ते तूट भरून काढू पाहतं. उजेड जास्त झाला तर फिकट पडतं. हे रंग वाचता आले पाहिजेत. दिव्याच्या खोक्यावर छापलेले आकडे त्याच्यापुढे दुय्यम आहेत.

शेवटची जागा ज्याच्या-त्याच्या स्वभावावर ठरते. फांद्याफांद्यांच्या ॲक्रोपोराला वरची जागा, भरपूर उजेड आणि सतत दिशा बदलणारं जोरकस पाणी लागतं. मशरूम म्हणतात त्या पसरट, मऊ जातीला खाली, आडोशाला बरं वाटतं. मधल्या पायरीवर टॉर्च नावाचं लांब स्पर्शकांचं पोवळं. दिवसा इतकं देखणं की कुणी त्याला शेजारी नाकारणार नाही. रात्री मात्र हेच जीव दंश करणारे लांब स्पर्शक सोडतात आणि हाताशी येणाऱ्याला भाजून काढतात. म्हणून भोवती वीतभर जागा मोकळी. चामड्यासारखी दिसणारी मऊ पोवळी शिवतही नाहीत, ती पाण्यातच रसायन सोडून शेजाऱ्याची वाढ खुंटवतात. त्यासाठी पाणी कोळशातून गाळत राहावं लागतं. हिरव्या ताऱ्यांची एक जात तर हराळीसारखी दगडावरून सरकत जाते आणि वाटेत येईल ते झाकून टाकते. तिला वाळूवर वेगळा दगड द्यावा आणि मधली वाळू तिने ओलांडू नये यावर नजर ठेवावी.

जागा ठरली की फेविक्विकच्या जातीच्या पण घट्ट, जेलसारख्या गोंदाचा ठिपका देऊन पोवळं दगडाला चिकटवतात. तो पाण्यातही धरतो. आणि मग, भाच्याच्या मते सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे हात बाहेर ठेवणं. रोज दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे केलं तर ते कुठलाच उजेड, कुठलाच प्रवाह अंगी लावून घेत नाही. आपल्याकडे कांद्याचं रोप ‘लागलं’ म्हणतात. महिन्या-दोन महिन्यांनी पोवळ्याची कडा दगडावर पसरू लागली, की ते लागलं.

हे सगळं ऐकल्यावर घरच्या मुलांनी हट्ट धरला की अशी टाकी परभणीच्या घरातही हवी. भाचाही तयार झाला. ईदला येताना पोवळ्याचे दोन-चार तुकडे सामानातून आणतो म्हणाला.

आधी हवेचं पाहू. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो आणि टाकीला पाणी २५-२६ अंशांचं लागतं. पाण्यावर पंखा लावला तर कूलरच्या न्यायाने ते काही अंश उतरतं. आपल्या कोरड्या हवेत शारजापेक्षा जास्तच उतरेल, पण २६ वर येणार नाही. त्यात पंख्याने पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. साठ लिटरमधून रोज दोन लिटर उडाले आणि तीन दिवस घर बंद राहिलं, तर पस्तीसचा खारेपणा एकोणचाळिसाच्या जवळ जातो. समुद्रात असा फरक पडायला युगं लागतात आणि इथे एखादं लग्न पुरतं. वळवाच्या पावसात रात्री वीज गेली तर पंप थांबतो आणि पाण्यातला प्राणवायू घटत जातो. बॅटरीवरचा हवेचा पंप, वातानुकूलन किंवा पाणी थंड करणारं यंत्र, असा सगळा सरंजाम केला तर परभणीतही पोवळं जगेल. पैसे असले तर होईल. माझी अडचण इथे संपत नव्हती.

आपल्या देशात २००१ साली चुन्याची बैठक बांधणारी सगळी कठीण पोवळी, काळी पोवळी, समुद्रपंखे ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातली गेली. वाघ ज्या परिशिष्टात आहे, त्याच. समुद्रातून ती काढणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. परदेशातून जिवंत आणायची तर कठीण पोवळ्यांचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारात बांधलेला, त्याचे परवाने वेगळे. कपड्यांच्या घडीत पिशवी ठेवून विमानतळावरून बाहेर पडणं हा त्यातला मार्ग नव्हे. शारजातल्या रोपवाटिकेत वाढवलेले तुकडे आहेत, समुद्रातून तोडलेले नाहीत, असं भाच्याचं म्हणणं, आणि ते खरंही असेल. पण कस्टमच्या टेबलावर ते त्या तुकड्याला सांगता येत नाही. मी नाही म्हणालो. मुलं रुसली, बहीणही थोडी रागावली.

पोवळ्याची जागा बदलणं किती जोखमीचं असतं, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या आड वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची पोवळी आली. मुंबईच्या गढूळ पाण्यात पोवळी आहेत हेच अनेकांना तेव्हा कळलं. कायद्यामुळे ती भरावाखाली गाडता येईनात. राज्याच्या वन्यजीव विभागाची परवानगी नागपूरहून घ्यावी लागली आणि २०२० च्या नोव्हेंबरात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली अठरा वसाहती हलवल्या गेल्या. काही हाजी अलीच्याच परिसरात, बाकीच्या कुलाब्याच्या बाजूला. पृष्ठभाग मोजला तर अगदी थोडाच भरेल. त्यासाठी शास्त्रज्ञ, परवाने आणि भरती-ओहोटीचं गणित. २०२४ च्या मार्चमध्ये रस्त्याचा पहिला टप्पा सुरू झाला.

वर्तमानपत्रांनी लिहिलं, पोवळी वाचवली. मला तो शब्द थोडा मोठा वाटतो. येलदरीच्या, निम्न दुधनाच्या पाण्याखाली गेलेली गावं आपल्याला माहीत आहेत. सरकारी कागदात पुनर्वसन झालं की प्रकरण मिटतं. नव्या गावठाणात माणूस कधी लागला, याची नोंद कुठे असते? माणसाला निदान पाय असतात, नाही जमलं तर तो पुण्याला जातो. पोवळं एकदा बसलं की बसलं. म्हणून त्याला उचलणाऱ्यावर मोजमाप चुकू न देण्याचं ओझं येतं, मग तो साठ लिटरच्या टाकीसमोरचा पोरगा असो की महानगरपालिका.

पोवळी जिथली तिथे पाहायची तर मालवण आहे. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात उतरून ती पाहता येतात. पाय टेकवायचा नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

घरात मुलांसाठी शेवटी गोड्या पाण्याची टाकी आली. त्यात गप्पी मासे आहेत, उन्हाळा त्यांना सोसतो. भाचा पुढच्या खेपेला मुंबईत उतरणार आहे. हाजी अलीला जायचंच आहे, तर ओहोटीची वेळ पाहून थोडं खडकांवरही थांबू, असं ठरलं आहे. कशालाही हात लावायचा नाही, ही अट त्यानेच मुलांना घातली आहे.