वर्षभराच्या वाचनातली तीन पुस्तकं

डिसेंबर महिना आला की वर्तमानपत्रांतून, मासिकांतून ‘वर्षातील उत्तम पुस्तके’ अशा याद्या येऊ लागतात. मी त्या आवडीने वाचतो. पण या याद्या बहुतेक त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांच्या असतात, आणि तुमच्या-आमच्यासारख्या साध्या वाचकाचं वर्ष काही तसं नसतं. वाचनालयात जे हाताला लागतं, शेजारी जे आणून देतात, घरच्या कपाटातलं जे पुन्हा काढावंसं वाटतं, त्या सगळ्यांचं मिळून आपलं वर्ष होतं. अशा वर्षातून आवडती पुस्तकं निवडायची कशी, आणि मुळात निवडायची कशाला, याविषयी आज थोडं बोलणार आहे.

मी वाचलेल्या पुस्तकांची एक वही ठेवतो. पुस्तकाचं नाव, वाचून संपल्याची तारीख आणि दोन ओळी, एवढंच. २०२५ सालच्या पानांवर ३८ नावं आहेत. मे महिन्यात जयंत नारळीकर गेले, तेव्हा त्यांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ पुन्हा वाचलं. जूनमध्ये मारुती चितमपल्ली गेले, तेव्हा ‘रानवाटा’ बाहेर निघालं. चार नव्या कादंबऱ्या आहेत, नातीच्या आग्रहाखातर वाचलेली एक रहस्यकथा आहे, आणि सात नावांपुढे ‘अर्धवट’ असा शेरा आहे. त्या सातांत एक फार गाजलेली कादंबरीही आहे.

निवडायला बसलं की पहिली अडचण येते ती ‘चांगलं’ आणि ‘आवडतं’ या दोन शब्दांची. चांगल्या पुस्तकांची यादी जाणकारांना विचारून करता येते. आवडत्या पुस्तकाची जबाबदारी मात्र स्वतः घ्यावी लागते. आपल्याकडे चारचौघांत ‘तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?’ असं विचारलं की माणूस एकदम सावध होतो आणि शोभेल असं नाव सांगतो. तसं करायचं नसेल तर एखादी साधी युक्ती जवळ असलेली बरी. माझी अशी आहे. वही मिटून ठेवायची आणि कोऱ्या कागदावर आठवतील ती नावं लिहायची. या वेळी १९ आठवली. मग प्रत्येकापुढे त्यातलं एखादं माणूस किंवा एखादा प्रसंग लिहायचा. त्यात १२ टिकली. शेवटी प्रत्येक पुस्तक आपण कुणाच्या हातात देऊ, त्या माणसाचं नाव लिहायचं. ‘कुणालाही’ हे उत्तर चालणार नाही. इथे तीनच पुस्तकं उरली.

पहिलं, विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक ब्राह्मण. घरावर कर्ज होतं. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे चांगली दक्षिणा मिळेल, अशी बातमी लागली, म्हणून चुलत्यांबरोबर तो निघाला. साल होतं १८५७. महूच्या आसपास पोचतो तोच बंडाची वार्ता कानी आली. पुढे झाशीला वेढा पडला तेव्हा तो झाशीतच होता. शहर पडल्यावर झालेली कत्तल त्याने डोळ्यांनी पाहिली, स्वतः लुटला गेला, आणि एवढं सगळं होऊनही गंगेची कावड घेऊन गावी परतला. इतिहासातल्या मोठ्या माणसांविषयी आपण पुष्कळ वाचतो. या पुस्तकात इतिहास घडत असताना कर्जाची चिंता करणारा माणूस भेटतो. हे पुस्तक मी माझ्या भाच्याला देणार आहे. घरचं कर्ज फेडायला तो परदेशी गेलाय.

दुसरं, ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं जाऊ लागलं. बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाईंना ते सहन झालं नाही. जे दुर्गुण तुम्ही बायकांना चिकटवता ते पुरुषांत नाहीत काय, असा सवाल करून त्यांनी एकेका दुर्गुणाचा हिशेब मांडला. पुस्तक लहानसं आहे, पण भाषा अशी रोखठोक की आजही वाचताना पुरुषाने जरा सावरून बसावं. ते मी आमच्या बाकावरच्या मंडळींना देणार आहे. रोज संध्याकाळी आपापल्या सुनांविषयी त्यांचं एकमत होत असतं.

तिसरं, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. हे बहुतेकांना ठाऊक आहे, पाठ्यपुस्तकातून त्याचा एखादा तुकडा भेटलेला असतो. सबंध वाचलं मात्र थोड्यांनी असेल. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरओळख झालेली. नवऱ्याने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर काही वर्षं ताटातूट, मग पुन्हा संसार. इतकं सोसूनही पुस्तकात कुठे रडगाणं नाही. स्वतःची फजितीसुद्धा त्या हसतहसत सांगतात. ‘मला मेलीला काय लिहिता येतंय’ असं म्हणून आठवणी लिहायचं टाळणारी माझी एक बहीण आहे. पुस्तक तिच्यासाठी.

ही तीन नावं कागदावर एकाखाली एक आली, तेव्हा त्यांचं आपापसातलं नातं दिसू लागलं. ताराबाईंचं पुस्तक पुण्याला छापलं गेलं १८८२ मध्ये. विष्णुभट आपल्या जुन्या आठवणी लिहीत होते ते १८८३ च्या सुमारास. आणि १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई तेव्हा अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आलेली कोवळी पोर होत्या. म्हणजे बुलढाण्यात एक बाई संतापून लिहीत होती, वरसईत एक म्हातारा होत चाललेला भटजी आठवून लिहीत होता, आणि नाशिकच्या बाजूला जिला पुढे सगळ्यांपेक्षा सुरेख लिहायचं होतं, तिला अजून धड वाचता येत नव्हतं. एकाला दुसऱ्याची खबर नाही. आणखी एक धागा आहे. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धसक्याने त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं वाढलं, की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. झाशीत विष्णुभटांनी जे पाहिलं त्याचा एक पडसाद असा एका घरच्या स्वयंपाकघरात उमटला होता. ही पुस्तकं वेगवेगळ्या वर्षी वाचली असती तर हे माझ्या ध्यानात आलं नसतं.

आता ‘कशाला निवडायची’ याविषयी. ‘स्त्री-पुरुष तुलना’ची प्रत नऊ आण्यांना मिळे, छापल्या होत्या ५००. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, पण पुढे पुस्तक विस्मरणात गेलं ते गेलंच. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं, म्हणून आज आपल्याला वाचता येतं. ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये छापलं, पण बराच फेरफार करून. विष्णुभटांचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ मध्ये बाहेर आला. दोन्ही वेळा कुणा एका वाचकाला वाटलं, की हे लोकांनी वाचलं पाहिजे, आणि त्यासाठी त्याने खटपट केली.

आपण काही संशोधक नाही. पण आपल्या गावच्या वाचनालयात काय चालतं ते पाहा. जागा थोडी, अनुदान बेताचं. वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं आधी वरच्या फळीवर जातात, मग त्यांचे गठ्ठे बांधले जातात आणि पुढे निर्लेखनाच्या यादीत त्यांची नावं लागतात. ग्रंथपालाचाही त्यात दोष नसतो. मी नेलेल्या ‘माझा प्रवास’च्या प्रतीवर आधीचा शिक्का २०११ सालचा होता. आता त्याखाली २०२५ चा आहे. भाच्याला मी नवी प्रत घेऊन देईन, आणि वाचनालयातली प्रत बाकावरच्या मंडळींपैकी एकाच्या नावावर लावून घेतली आहे. ताराबाई त्यांना नंतर.

म्हणून श्रोतेहो, तुम्हीही वर्षाची तीन पुस्तकं निवडा. ती नवी असोत, जुनी असोत, गाजलेली असोत वा नसोत. प्रत्येकापुढे ते का आवडलं याचं एक वाक्य आणि ज्याला द्यायचं त्याचं नाव लिहा. मग तो कागद वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर नेऊन द्या. पुढच्या खरेदीच्या वेळी आणि पुढच्या निर्लेखनाच्या वेळी ग्रंथपालाला तो उपयोगी पडेल.