मिठागरें आणि शेजारी



आजचा विषय मुलुंडचा असला तरी तो मुलुंडपुरताच नाहीं. ज्या वस्तीच्या शेजारीं मोकळी जमीन आहे आणि त्या जमिनीवर घरें उभारण्याचा बेत झाला आहे, अशा प्रत्येक वस्तीचा तो विषय आहे.

मुंबईच्या पूर्व अंगास, ठाण्याच्या खाडीच्या कडेनें, कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथें मिठागरें पसरलेलीं आहेत. त्यांपैकीं सुमारें २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठीं देण्याचें २०२४ सालीं सरकारनें ठरविलें. धारावींतील जीं कुटुंबें तेथेंच घर मिळण्यास पात्र ठरणार नाहींत, त्यांच्यासाठीं भाड्याचीं घरें येथें बांधावीं, असा तो बेत. ही वार्ता येतांच मुलुंडच्या रहिवाशांनीं विरोध आरंभिला.

आमच्या इमारतीच्या गच्चीवरही एक सभा भरली होती. एक गृहस्थ म्हणाले, "मिठागरांत भराव पडला तर पावसाचें पाणी आमच्या दारांत येईल." दुसरे म्हणाले, "असले लोक शेजारीं आले तर आमच्या घरांच्या किंमती उतरतील." टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. त्या सारख्या टाळ्या मला खटकल्या. म्हणून या दोन आक्षेपांची निवड करावी, एवढाच आज माझा हेतु आहे.

पहिला आक्षेप पाहूं. मिठागर म्हणजे पडीक जमीन नव्हे. खाडीकांठच्या सखल जमिनीवर बांध घालून वाफे पाडतात, भरतीचें खारें पाणी त्यांत घेतात, तें उन्हानें आटतें व मीठ मागें राहतें. पावसाळ्यांत मीठ पिकत नाहीं; त्या वेळीं हेच वाफे पावसाचें पाणी पोटांत सांठवितात. शहराचे नाले अखेर खाडीलाच मिळावयाचे. ओहोटी असते तोंवर ते वाहतात. भरती चढली कीं त्यांचें पाणी तुंबतें. मुसळधार पाऊस व मोठी भरती एकाच वेळीं आली म्हणजे पाण्याला थांबावयास कोठें तरी जागा लागते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाण्याला जागा उरली नाहीं म्हणजे काय होतें, हें त्या दिवशीं मुंबईकरांनीं कमरेइतक्या पाण्यांतून वाट काढीत पाहिलें. मिठागरावर इमारती बांधावयाच्या तर आधीं भराव घालावा लागणार. आणि भरावानें पाणी नाहींसें होत नाहीं, तें शेजारच्या सखल गल्ल्यांकडे वळतें.

तेव्हां भरावाची उंची किती, नाल्याची रुंदी किती, वाढलेल्या माणसांना पिण्याचें पाणी कोठून मिळणार, शाळा व दवाखाना कोठें होणार, हे प्रश्न विचारणें हा रहिवाशांचा हक्क आहे. याच खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ सालीं त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला; त्याचा विचारही ओघानेंच येतो.

आणखी एक गोष्ट. हा आक्षेप आमच्याइतकाच येणाऱ्यांच्याही हिताचा आहे. खाडीकांठच्या भरावावर ज्यांना नेऊन बसवावयाचें, त्यांच्या घराभोंवतीं पाणी सांचलें तर त्यांनीं कोठें जावें? शीव व माहीम यांच्या मध्यें वसलेल्या धारावींत कुंभाराची भट्टी, चामड्याचें काम, शिवणकाम हीं घराला लागूनच चालतात. ज्याचें घर व कारखाना एकच, त्याला घर दूर मिळालें तर पोटाचा धंदा तुटतो. हा प्रश्न धारावीकरांनाही पडला आहे. म्हणजे ज्यांना आपण प्रतिपक्ष समजतों, ते पुष्कळ अंशीं आपल्याच बाजूचे आहेत!

आतां दुसरा आक्षेप. त्या सभेंत आमच्या शेजारच्या एक वृद्ध बाई शेवटपर्यंत गप्प बसल्या होत्या. उठतां उठतां त्या म्हणाल्या, "आम्ही लालबागच्या चाळींतून इकडे आलों, तेव्हां येथें शेतें होतीं. शेतवाल्यांना आम्ही कोठें विचारलें होतें?" सभा क्षणभर स्तब्ध झाली. त्यांचें म्हणणें खरें होतें. मुलुंडच्या गांवाशेजारीं आखीव रस्त्यांची नवी वस्ती उभी राहिली, ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून. आपण सर्व कधीं ना कधीं कोणाचे तरी नकोसे शेजारी होतों. "असले लोक" हे शब्द ज्या अर्जांत येतात, त्या अर्जांतील पाण्याचा खरा प्रश्नही अधिकाऱ्यांच्या नजरेस संशयास्पद होतो. दुसरा आक्षेप पहिल्याचा घात करतो, तो असा.

यावर उपाय काय? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या ३७ व्या कलमाप्रमाणें विकास योजनेंत फेरबदल करावयाचा तर नोटीस प्रसिद्ध करावी लागते आणि एक महिन्याच्या आंत कोणाही व्यक्तीस हरकती व सूचना देतां येतात. अशी नोटीस निघाली म्हणजे घोषणांपेक्षां हा महिना अधिक मोलाचा समजावा. पावसाळ्यांत कोणत्या गल्लींत किती वेळ व किती इंच पाणी राहिलें याची नोंद ठेवावी, छायाचित्रें जोडावीं, आणि नुसता नकार न देतां घरें कोठें व कशीं बांधतां येतील हेंही सुचवावें.

अर्ज लिहून झाला कीं तो एकदां अशा रीतीनें वाचून पाहावा, कीं उद्यां येणारा शेजारी समोर बसून ऐकत आहे. जें वाक्य त्याच्यासमोर वाचतांना आपली मान खालीं जाईल, तें खोडून टाकावें. जें उरेल तें निर्भयपणें सरकारपुढें मांडावें. कदाचित् त्याखालीं सही करण्यास तो शेजारीही पुढें येईल.