तळटीपेचा अंक



इंग्रजी ग्रंथात ओळीच्या डोक्यावर बारीक आकडा बसलेला असतो आणि पानाच्या तळाशी त्याच आकड्यापुढे आधार दिलेला असतो. गिबनच्या रोमन इतिहासाचा पहिला खंड १७७६ साली निघाला तेव्हा हे आधार ग्रंथाच्या शेवटी होते. ह्यूमने स्ट्रॅहन या प्रकाशकाकडे त्याबद्दल कुरकूर केली, आणि पुढे ते पानाच्या पायथ्याशी आले.

आता हा अंक विरामचिन्हाच्या अलीकडे घालावा की पलीकडे? इंग्रजीचा रिवाज पलीकडचा आहे. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, मिटणारे अवतरणचिन्ह, ही सारी आधी, मग अंक. अपवाद लांब आडव्या रेघेचा. तिथे अंक आधी येतो, रेघ मागाहून. टीप कंसातल्या मजकुरापुरतीच असेल तर अंकही कंसातच राहतो. शिकागो विद्यापीठाची १९०६ पासून निघत आलेली नियमावली हेच सांगते.

पण हा केवळ छापखान्याचा प्रश्न नाही. समजा कोणी लिहिले, ‘त्या वर्षी पाऊस कमी पडला, आणि म्हणून शेतकऱ्यांनी गाव सोडले.’ पावसाचा आकडा सरकारी अहवालातला. ‘म्हणून’ मात्र लेखकाच्या पदरचे. अंक स्वल्पविरामानंतर घातला तर हिशेब चोख. तोच वाक्याच्या शेवटी नेला की लेखकाचा तर्क सरकारी शिक्का लावून बाजारात येतो! पुढचा अभ्यासक तो खरा मानून आपल्या ग्रंथात उतरवतो, आणि अहवाल उघडून कोण पाहतो?

जर्मनांनी याची सोय केली आहे. टीप साऱ्या वाक्याची असेल तर अंक पूर्णविरामानंतर, शेवटच्या शब्दापुरती असेल तर पूर्णविरामाआधी. फ्रेंच लोक तो सरसकट आधीच घालतात. मला जर्मनांचे पटते. इंग्रजीत मात्र ती सोय नाही, तेव्हा ज्या शब्दाला आधार हवा तो स्वल्पविरामाशी येईल अशी वाक्याची मांडणी लेखकानेच करावी लागते.

संख्येला चिकटून अंक येऊ न देणे, हीही त्यातलीच एक खबरदारी. ‘सभेला श्रोते आले २५’ असे लिहून त्यावर तिसऱ्या टिपेचा ३ बसवला, तर गणिताचा मास्तर पंचविसाचा घन करील आणि आपल्या व्याख्यानमालेला १५,६२५ श्रोते जमल्याचे जाहीर करील. चिटणीसांची त्याला हरकत नसावी!