अवचित आलेला पांढरेपणा



गोऱ्या वर्णाचे कौतुक आपल्या ज्ञातीत फार. वधूपरीक्षेत तर त्यावाचून बोलणेच होत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते ज्याचे भय धरावे अशा पांढरेपणाविषयी.

आम्ही शिक्षक असताना एक विद्यार्थी आट्यापाट्या खेळताना डाव्या बरगड्यांवर आदळला. खरचटलेसुद्धा नव्हते. तासाभराने तो पांढराफटक दिसू लागला, अंगास गार घाम सुटला. उपाशी असेल असे समजून आम्ही त्यास चहा पाजला! शाळेच्या वृद्ध शिपायाने मात्र त्याची खालची पापणी ओढून आतील अस्तर पाहिले. तेथे लाली उरली नव्हती. त्याने तत्काळ रिक्षा आणली. प्लीहा फुटून रक्त पोटात साचत होते. शस्त्रक्रियेने मुलगा वाचला. तो चहा आम्हांस अद्याप आठवतो.

सावळ्या अंगावर फिकटपणा चटकन कळत नाही, म्हणून पापणीचे अस्तर, जीभ, नखे व तळहात पाहावेत. महिनोन्‌महिने हळूहळू आलेला फिकटपणा बहुधा पंडुरोगाचा; त्यासही डॉक्टर हवाच. परंतु तो अवचित आला आणि सोबत जलद, क्षीण नाडी, घेरी, धाप, किंवा शौचास डांबरासारखे काळे होणे असेल, तर क्षणाचाही विलंब नको. बाळंतिणीस तर विशेष जपावे. रक्तस्राव अर्ध्या लिटरवर गेला की तो अतिस्राव होय. घरात मात्र ‘नेहमीचेच’ म्हणून कपडे बदलले जातात.

रुग्णास उताणे निजवावे, पायांखाली उशा द्याव्यात, पांघरूण घालावे आणि १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. वाहन येईपर्यंत कोणी लिंबूसरबत घेऊन पुढे आल्यास त्यास दूर सारावे.