सासूबाईंची गोष्ट आणि घराण्याची वंशावळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला दोन शब्द बोलण्यास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा विद्वत्तेचे बोलणे माझ्याकडून व्हायचे नाही. वंशावळ शोधताना घरातील म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी किती उपयोगी पडतात, एवढेच अनुभवाने सांगते.

मुलीच्या जात पडताळणीसाठी आम्हाला जुना पुरावा हवा होता. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. सासऱ्यांच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरचे नेमके तेच पान उधईने खाल्लेले. आजेसासरे तर शाळेची पायरीच चढले नव्हते. प्रवेशाची मुदत जवळ आली आणि घरात सर्वांनी हात टेकले.

तेव्हा सासूबाईंची नेहमीची गोष्ट मी त्यांच्याच शब्दांत वहीत उतरून घेतली. “आपले लोक घाटावरचे. छप्पनच्या दुष्काळात बुढा उपाशी मेला. बुढी दोन लेकरं घेऊन खाली उतरली अन् इथं बहिणीच्या गावी रायली. तिकडं होती तवा मंगरूळच्या बाजाराले पायी जाये अन् दिवे लागाच्या आंधी घरी ये.”

गोष्ट लहानच, पण एकेक शब्द सोडवून पाहा. आमचे गाव अकोल्याकडचे, म्हणजे पयनघाटातले. आपल्याकडे घाटावरचा म्हणजे पुण्याकडचा नव्हे, तर वाशीमकडच्या बालाघाटातला. छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६, इंग्रजी साल १८९९-१९००. आणि बाजारहाट करून दिवेलागणीच्या आत पायी परत यायचे, तर गाव मंगरूळपासून दोन-तीन कोसांच्या पलीकडे नसावे. सगळा वऱ्हाड धुंडाळण्याऐवजी आठ-दहा गावे उरली!

आमच्या घरच्यांनी त्या गावांत आडनावाची चौकशी केली. चौथ्या गावी भावकी निघाली. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपण होऊन विचारले, “दुष्काळात दोन पोरं घेऊन गेली, ते तुमचीच का?” मग कोतवाल बुकाची नक्कल काढली. त्यात १८९४ ची जन्मनोंद सापडली: बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’. मुलीचे काम झाले.

मृत्यूची नोंदही मिळाली. तीत मरणाचे कारण पटकी लिहिले आहे. गोष्टीत भूक, कागदात पटकी! पण भगिनींनो, म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. दुष्काळात पटकीही आली होती, आणि उपाशी पोटाला रोग लवकर धरतो. गोष्ट वाट दाखवते, पुरावा मात्र कागदच देतो. दोन्ही जवळजवळ ठेवून वाचावे.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नये, ते सांगता येत नाही. आपले लग्न मानमोडीच्या आधी की नंतर, याविषयी त्यांच्या आईने काय सांगितले होते ते विचारावे. मानमोडीची साथ १९१८ ची. कुलदैवत कोणते, लग्नाचे वऱ्हाड कोणत्या नदीतून उतरून आले, हेही विचारावे. जिल्हे बदलले आहेत, हे ध्यानात असू द्यावे. मंगरूळपीर १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात आहे, त्याआधी अकोल्यात होते, आणि १९०५ पूर्वी पुन्हा वाशीमातच. माझ्या माहेरच्या अमरावतीकडच्या भगिनींनी तसेच अचलपूरचे समजावे, कारण १९०५ पर्यंत तोही निराळा जिल्हा होता. जुने कागद पुष्कळदा मोडीत असतात, ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. कोणी त्र्यंबकेश्वरी विधीसाठी गेलेले असल्यास तिथल्या उपाध्यायांच्या वहीतही पूर्वजांची नावे मिळतात.

आता शेवटचे. पडताळणीच्या वंशावळीत खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा असे सगळे पुरुष ओळीने बसले. ज्या बाईने दोन लेकरे जगवली, तिला त्यात एक घरही नाही. तिचे नाव कोणत्याही कागदात मिळाले नाही, ते फक्त सासूबाईंना ठाऊक होते. मी दुसरी वंशावळ केली. तीत प्रत्येक सुनेचे नाव आणि माहेरचे गाव लिहिले, आणि बुढीचे नाव सर्वांत आधी.

आपापल्या घरी ज्या आजीबाई, आत्याबाई आहेत त्यांच्यापाशी या आठवड्यातच वही घेऊन बसा. कागद दप्तरात राहतील, माणसे राहणार नाहीत.