पत्रिका छापली, मांडवाचं काय?



अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आपण सगळ्यांनी पाहिलाय. प्रत्यक्ष नसेल, तर कॅलेंडरवर, विमानतळावरच्या फलकावर, पर्यटनाच्या पुस्तिकेवर. 1983 साली अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारसा यादीत गेले. 2002 मध्ये ‘अतुल्य भारत’ मोहीम आली, 2004 मध्ये डेक्कन ओडिसी ही आलिशान गाडी धावू लागली. नाव कमवायचं काम कधीच झालंय. घोडं अडतं ते पाहुणा दारात आल्यावर. लग्नाच्या पत्रिका गावभर वाटल्या आणि मांडवच घातला नाही, अशी ही गत आहे.

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा सुमारे 100 किलोमीटर. हा रस्ता रुंदीकरणासाठी उखडला गेला आणि कित्येक पावसाळे तसाच पडून राहिला. बुद्धाच्या ओढीने जपानहून, थायलंडहून येणारे भाविक बरेचदा वयस्क असतात. त्यांना त्या खड्ड्यांतून धक्के खात कुठला टूरवाला नेईल?

दुसरी गोष्ट साधी, पण फार जिवाला लागणारी. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. रविवारी रात्री शहरात उतरलेल्या, मंगळवारी परतीचं तिकीट असलेल्या माणसाला हे हॉटेलात कुणी सांगितलंच नाही, तर तो सोमवारी सकाळी अजिंठ्याच्या बंद दारापर्यंत जातो. वेरूळ त्या दिवशी उघडं असतं, पण तोवर निम्मा दिवस गेलेला असतो.

फर्दापूरच्या फाट्यावर खासगी गाड्या थांबतात. तिथून लेण्यांपर्यंत चारेक किलोमीटर बसने जायचं. गाडीतून पाय खाली टाकताच एखादा विक्रेता जवळ येतो. नाव विचारतो, देश विचारतो, तळहातावर चकाकणारा गारगोटीचा तुकडा ठेवतो. ‘भेट आहे, परत जाताना माझ्या दुकानात या.’ परतताना तो बरोबर हेरतो, आणि मग सुटका नसते. मी या माणसाला दोष देणार नाही. त्याचं घर त्या दुकानावर चालतं. पण शिस्त लावणारं कुणी नसल्यामुळे धास्तावलेला पाहुणा मान खाली घालून थेट गाडी गाठतो. शेजारी सरळ भावात चहा विकणारी बाईसुद्धा त्या दिवशी गिऱ्हाइकाला मुकते, आणि लेण्यांपर्यंत उचलून नेणाऱ्या डोलीवाल्यांवरही पाहुण्याचा विश्वास बसत नाही.

त्याच फाट्याजवळ जपानच्या कर्जाच्या मदतीने मोठं अभ्यागत केंद्र उभं राहिलं. चार लेण्यांच्या प्रतिकृती तिथं केल्या, म्हणजे मूळ चित्रांवरचा गर्दीचा ताण कमी व्हावा. विचार उत्तम होता. पुढे पाणी आणि विजेची बिलं थकली आणि इमारतीला कुलूप लागलं. ज्या देशाने पैसा दिला, तिथल्या पाहुण्याला आपण ते कुलूप दाखवलं. मला याची लाज वाटते.

जाहिरात जितकी देखणी, तितकी अपेक्षा मोठी, आणि हिरमोडही तितकाच मोठा. परत गेलेला माणूस आपल्या घरी, कचेरीत जे बोलतो, ते कुठल्याही फलकापेक्षा जास्त खरं मानलं जातं. रस्त्याने, अस्वच्छ स्वच्छतागृहाने आणि अरेरावीने कडवट झालेलं त्याचं मत आपण नव्या चित्रफितीने पुसू शकत नाही. उलट, आणखी चार माणसं आणून आणखी चारजणांना नाराज करतो. हा खर्च केवळ वाया जात नाही, तो आपल्या अंगावर उलटतो.

म्हणून कारभाऱ्यांना माझी विनंती आहे. एक वर्ष नवे फलक नाही लावले तरी चालेल. तो पैसा स्वच्छतागृहांना, पिण्याच्या पाण्याला, सावलीला आणि विक्रेत्यांना नेमून दिलेल्या नीट जागांना द्या. आणि हॉटेलवाल्यांनो, रिक्षावाल्यांनो, तुमच्याकडे उतरलेल्या पाहुण्याला आज रात्रीच सांगा : सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ.