खोलण्याआधी ऐका



पावसाळ्यात साखर कारखान्यांची मिल रोलर पूजनं होतात, नारळ फुटतात, रोलर जागेवर चढतात. पुढे बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते आणि मग हंगाम संपेपर्यंत थांबणं कुणालाच परवडत नाही. तोडलेल्या उसातली साखर तासातासानं घटते. मिल बंद पडली की यार्डात गाड्यांची रांग लागते, ऊस वाळतो आणि काट्यावर त्याचं वजन कमी भरतं. म्हणजे फटका शेतकऱ्यालाही बसतो.

या धास्तीपोटी ऑफ सीझनला दिसेल ते खोलायची रीत पडली. रोलरचं ठीक आहे. उसाबरोबर येणाऱ्या माती-वाळूनं त्याच्या खाचा झिजतातच, त्याला लेथवर चढवावंच लागतं. पण सुरळीत चालणारा पंप कशाला खोलायचा?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडच्या विमानांचा हिशेब वॉडिंग्टन यांनी मांडला. गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ! त्यांना दिसलं ते असं, की ठरलेली तपासणी झाली की बिघाड आधी वाढत आणि मग हळूहळू उतरत. पुढे 1978 साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अहवाल लिहिला. विमानाच्या तब्बल 89 टक्के भागांना वयाची मर्यादा घालून काहीच फायदा नाही, असं त्यात निघालं.

आता आपला पंप परत बसवताना काय होतं ते पाहा. मोटरच्या एका पायाखालची शिम कुठंतरी हरवते. बोल्ट आवळला की मोटरची बॉडी किंचित पिळते. कपलिंगवर पट्टी धरून ‘लाइनीत आहे’ म्हणायचं, डायल गेज कपाटातच. थोड्याच दिवसांत बेअरिंग तापतं. मग कुणीतरी ग्रीसगन घेऊन आणखी ग्रीस कोंबतो. जादा ग्रीस आत घुसळलं जातं आणि बेअरिंग अधिकच तापतं.

जुने फिटर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावत. आज व्हायब्रेशन मीटर आहेत. हंगाम संपण्याआधी, यंत्रं भारावर चालू असतानाच, प्रत्येकाची कंपनं आणि तापमान लिहून घ्या. मागच्या नोंदीशी ताडून पाहा आणि खोलायची यादी त्यातूनच करा. यादी निम्म्यावर आली तरी घाबरू नका.

जे खोलावंच लागेल, ते पटकन खोलता यायला हवं. दोन पाइपांच्या बेचक्यात पंप, वर चेनब्लॉक अडकवायला हुक नाही, पाना फिरायला जागा नाही, अशा ठिकाणी तासाच्या कामाला पाळी जाते. बॅक पुल-आउट पंपाला स्पेसर कपलिंग असेल, तर पाइपलाइन न सोडता आणि मोटर न हलवता आतला रोटर मागे काढता येतो. तो थोडा महाग पडतो. पण पंपाच्या टेंडरमध्ये किमतीचा रकाना असतो, तसा सील बदलायला किती तास लागतील याचाही रकाना चीफ इंजिनिअर साहेबांनी यंदा घालून पाहावा.